विहारात नव्याने येताय? पहिल्या रविवारपासून पहिल्या वर्षावासापर्यंत काय काय करायचं

आमच्या पिंपरी-चिंचवड भागात नोकरीसाठी विदर्भ-मराठवाड्यातून भरपूर पोरंपोरी येतात, रूम घेतात, कंपनीत लागतात, आणि त्यातले बरेच जण कधीतरी विचारतात की विहारात यायचंय पण तिथे नेमकं करायचं काय. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे, १४ एप्रिलला मिरवणूक असते, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणं होतं, पण वंदना पाठ नाही, सगळे म्हणत असताना आपण नुसतं ओठ हलवत बसायचं याची लाज वाटते, म्हणून मग जाणंच राहून जातं. काही जण दुसऱ्या समाजातले असतात, पुस्तकं वाचून ओढ लागलेली असते, पण आपण गेलेलं चालेल का हेच माहीत नसतं. या दोघांसाठीही हे लिहितोय. वर्षावास म्हणजे पावसाळ्यातले धम्मवाचनाचे तीन महिने, त्याबद्दल पुढे येईलच.

सुरुवातीलाच एक सांगतो, मला यात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. धम्म एकट्याने वाचून डोक्यात शिरतो, पण वागण्यात उतरायला चार माणसं लागतात आणि ती चार माणसं दर आठवड्याला भेटावी लागतात. वर्षातून तीन मोठ्या दिवसांना लाखोंच्या गर्दीत जाणं वेगळं आणि रविवारी पंचवीस माणसांच्या विहारात सतरंजीवर बसणं वेगळं. दोन्ही करा, पण दुसरं सोडू नका.

आधी विहार शोधा

जवळचं शोधा, मोठं किंवा प्रसिद्ध शोधत बसू नका. चालत जाता येईल असं असलं तरच तुमचं येणं टिकेल, दोन बस बदलून जायचं असेल तर पावसाळ्यात पहिल्याच महिन्यात सुटतं. गेटवर किंवा नोटीस बोर्डवर वंदनेची वेळ लिहिलेली असते, बहुतेक ठिकाणी रविवारी सकाळी किंवा संध्याकाळी सामूहिक वंदना असते आणि पौर्णिमेला वेगळा कार्यक्रम असतो. वेळ कळत नसेल तर संध्याकाळी एक चक्कर मारा, महिला मंडळाच्या ताई-मावशी तिथे असतातच आणि खरं सांगायचं तर बऱ्याच विहारांचं रोजचं कामकाज त्यांच्याच जिवावर चालतं, त्यांना विचारलं की सगळं कळतं.

विहार कोण चालवतं यात फरक असतो तोही माहीत असू द्या. काही ठिकाणी भारतीय बौद्ध महासभेची शाखा असते, ही संस्था खुद्द बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापन केली. काही ठिकाणी त्रिरत्न बौद्ध महासंघाची केंद्रं आहेत, तिथे ध्यानावर आणि अभ्यासवर्गांवर जास्त भर असतो. आणि बाकी असंख्य विहार वस्तीतल्या मंडळांनी वर्गणी काढून बांधलेली आहेत. पहिल्या वर्षात कोणतं बरोबर, कोणतं चूक या वादात पडू नका, जिथे नियमित वंदना होते आणि नंतर वाचन किंवा चर्चा होते ते विहार तुमच्यासाठी चांगलं.

पहिला दिवस

पांढरे कपडे असले तर घाला, नसले तर स्वच्छ साधे कपडे चालतात, त्यासाठी कोणी परत पाठवत नाही. चपला बाहेर काढा, मोबाईल सायलेंट करा. फुलं न्यायची असतील तर न्या, एखादी मेणबत्ती किंवा अगरबत्तीचा पुडा चालतो, काहीच नेलं नाही तरी चालतं. दहा मिनिटं आधी पोहोचा म्हणजे सतरंज्या अंथरायला हात लावता येतो आणि ओळख आपोआप होते. भेटल्यावर कोणी जय भीम म्हणेल, कोणी नमो बुद्धाय म्हणेल, जे म्हणतील तेच आपणही म्हणायचं.

आत गेल्यावर मूर्तीसमोर पंचांग प्रणाम करतात. गुडघे टेकायचे, दोन्ही तळवे जमिनीवर ठेवायचे, कपाळ जमिनीला लावायचं, असं तीनदा. गुडघेदुखी असेल तर उभ्याने हात जोडा, आमच्या विहारातल्या आज्या खुर्चीवर बसूनच करतात. इथे नवस नसतो, प्रसाद नसतो, मागणं मागायचं नसतं. नवीन माणूस, खास करून दुसऱ्या घरातून आलेला, इथे थोडा गोंधळतो की मग हात कशासाठी जोडायचे. ज्याने मार्ग दाखवला त्याच्याबद्दल आदर म्हणून, बस, आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला वंदन करतो तेही याच भावनेने.

मग सगळे बसतात आणि वंदना सुरू होते. क्रम थोडाफार इकडे-तिकडे होतो पण साधारण असा असतो: आधी ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ तीनदा, मग त्रिसरण म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं, मग पंचशील म्हणजे पाच शीलं, मग बुद्धपूजा, मग बुद्ध वंदना, धम्म वंदना, संघ वंदना, पुढे भीमस्मरण आणि शेवटी धम्मपालन गाथा. पंचशील झालं की साधु साधु साधु म्हणतात. सगळं मिळून वीसेक मिनिटांत होतं. पहिल्या दिवशी फक्त ऐका. तोंड हलवायचा आव आणायची गरज नाही, वही-पेनही काढू नका, सूर कानात बसू द्या.

आणि वंदना संपली की लगेच उठून निघू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. नवीन माणूस बहुतेक इथेच निसटतो. नंतर वाचन असतं, सूचना असतात, चहा असतो, कोणाच्या घरी मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदन आहे, कोणाच्या मुलाला रक्त लागतंय हे सगळं तिथे कळतं. संघ म्हणजे काय हे तुम्हाला त्या अर्ध्या तासात जेवढं समजेल तेवढं पुस्तकातून नाही समजणार.

वंदना पाठ कशी करायची

विहारात खिशात मावेल एवढं वंदनेचं पुस्तक मिळतं, किंमत अगदी किरकोळ असते. वंदना पाली भाषेत असते, ती देवनागरीत छापलेली असते आणि खाली मराठी अर्थ असतो. एकदम सगळं पाठ करायला जाऊ नका. पहिले दोन आठवडे नमो तस्स आणि त्रिसरण, मग पंचशील, मग पुढचं. अडखळायला होतं ते जोडाक्षरांवर, ‘सिक्खापदं समादियामि’ किंवा ‘सुप्पटिपन्नो’ असं काही आलं की जीभ वळत नाही, तर तोडून तोडून म्हणा, घरी मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात वाचून ते कधीच बसत नाही. युट्यूबवर भरपूर चाली आहेत पण तुमच्या विहारात जी चाल आहे तीच शिका, म्हणजे रविवारी सगळ्यांच्या सुरात सूर मिसळतो.

अर्थ मात्र पहिल्या दिवसापासून वाचा. उदाहरण देतो. बुद्धपूजेत फूल वाहताना एक ओळ येते, ‘पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’, म्हणजे हे फूल जसं कोमेजतं तसं माझं हे शरीरही नाशाकडे चाललंय. पुढच्या वेळी फूल ठेवताना बघा, आदल्या दिवशीची झेंडूची फुलं तिथेच ताटात असतात, कडा काळपट झालेल्या, पाकळ्या ताटाला चिकटलेल्या, ती काढून आपण नवीन ठेवतो. मूर्तीला फूल आवडतं म्हणून ते वाहत नाही, अनित्यता डोळ्यांसमोर राहावी म्हणून वाहतो. हे कळलं की मग वंदना म्हणताना घड्याळाकडे लक्ष जात नाही.

पंचशील, आणि इथे घाई नको

सगळा जोर मी इथे देईन. पुष्कळ जणांना ध्यानाची घाई असते, पण ज्याचं रोजचं वागणं खडबडीत आहे त्याचं मन डोळे मिटून शांत होत नाही, बसल्यावर तेच सगळं वर येतं. म्हणून आधी शील.

पंचशील ही कोणी वरून दिलेली आज्ञा नाही, मोडलं तर शिक्षा असं काही नाही, आपण स्वतःच्या तोंडाने दर आठवड्याला म्हणतो की मी हे पाळायचा सराव करीन. जीवहिंसा नाही, चोरी नाही, कामवासनेतला दुराचार नाही, खोटं बोलणं नाही, नशा नाही. आता एकेक आठवडा एकेक शील धरून बघा, रात्री झोपताना पाच मिनिटं आजचा दिवस आठवायचा, बस. खोटं न बोलण्याचा आठवडा सगळ्यात अवघड जातो असं मी पाहिलंय, कारण मॅनेजरला फोन करून बरं नाही म्हणणं, पोहोचलोच म्हणून सांगणं आणि अजून घरातच असणं, न तपासता व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करणं हे सगळं त्यात येतं आणि तोपर्यंत आपल्याला ते खोटं वाटतच नसतं. चोरीच्या आठवड्यात फुकट विजेसाठी तारेवर टाकलेला आकडा, ऑफिसातून घरी आलेलं सामान, मित्राचे उसने घेऊन विसरलेले पैसे हे बघा.

दारूबद्दल स्पष्ट लिहितो. आपल्या वस्त्यांमध्ये दारूने किती घरं बसली हे सांगायला नको, बाईने धुणीभांडी करून आणलेले पैसे कुठे जातात हे सगळ्यांना माहितीये. हळदीला, वाढदिवसाला, ऑफिसच्या पार्टीला आग्रह होणार, त्यावर लांबलचक खुलासा देऊ नका, मी पंचशील घेतलंय म्हणून नाही घेत एवढं म्हणा आणि विषय बदला. दोन-तीनदा असं झालं की लोक आग्रह करणं सोडतात. आणि जयंतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचणारा दिसला तर तिथे भांडू नका, दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बोला.

मटण-मासे खायचे की नाही हा प्रश्न हमखास येतो. मांसाहार सोडलाच पाहिजे अशी अट आपल्याकडे कोणी घालत नाही. बाबासाहेबांनी अहिंसेबद्दल लिहिताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यात फरक केलाय, तो भाग मुळातून वाचा आणि स्वतः ठरवा. मला तर वाटतं की ताटात काय आहे यावर तासभर वाद घालणाऱ्याने आधी घरात बायकोपोरांवर हात उगारला जात नाही ना हे बघावं, पहिलं शील तिथेच सुरू होतं.

ध्यान, थोडं थोडं

घरी रोज दहा मिनिटं आनापान. मांडी घालून किंवा खुर्चीवर पाठ सरळ ठेवून बसायचं, डोळे मिटायचे, नाकपुड्यांपाशी श्वास येतोय-जातोय तो जाणायचा, मुद्दाम लांब किंवा जोरात घ्यायचा नाही, मंत्र नाही, कल्पना नाही. मन पळणार, पळालं हे कळलं की परत आणायचं, रागवायचं नाही. महिन्याभराने त्याला मैत्री भावना जोडा, आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जवळच्या मित्राचं, मग ओळख नसलेल्या एखाद्याचं, समजा रोजच्या रिक्षावाल्याचं, मग ज्याच्याशी पटत नाही त्याचं, आणि शेवटी सगळ्यांचं. चौथा टप्पा जड जातो, तिथे सुरुवातीला फार मोठा शत्रू घेऊ नका, किरकोळ कुरबुर असलेला माणूस घ्या.

खोल शिकायचं असेल तर इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतली दहा दिवसांची शिबिरं होतात, महाराष्ट्रात इतरही केंद्रं आहेत. फी नसते, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं. पहाटे ४ वाजता घंटा, मोबाईल जमा, मौन, पहिले तीन दिवस नुसतं आनापान आणि चौथ्या दिवसापासून विपश्यना, संध्याकाळी नवीन साधकाला चहा आणि फळं एवढंच. मध्येच उठून यायचं नाही या तयारीनेच नाव नोंदवा. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर फॉर्ममध्ये खरं खरं लिहा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

एक वाद तुमच्या कानावर येईलच, विपश्यना करावी की बाबासाहेबांचा सामाजिक धम्म करावा. मला हे दोन टोकांना ओढणं पटत नाही. पण माणूस नुसता डोळे मिटून बसला आणि वस्तीतल्या पोरांच्या शाळेकडे, शेजारच्या अन्यायाकडे त्याने पाठ फिरवली तर बाबासाहेबांनी ज्यासाठी हा धम्म दिला तेच सुटतं, म्हणून वेळ कमी असेल तर रविवार विहाराला द्या आणि ध्यान घरी करा.

भन्ते आले तर

भन्ते म्हणजे भिक्खू. प्रत्येक विहारात ते राहत नाहीत, पौर्णिमेला किंवा कार्यक्रमाला येतात. ते आले की उभं राहायचं, हात जोडून वंदामि भन्ते म्हणायचं, त्यांच्यापेक्षा उंच आसनावर बसायचं नाही. दान दोन्ही हातांनी द्यायचं. बायकांनी देताना स्पर्श होणार नाही असं टेबलावर किंवा कापडावर ठेवलं तर बरं, भिक्खूंचे विनयाचे म्हणजे शिस्तीचे नियम आहेत म्हणून. भोजनदान ठरवलं असेल तर जेवण दुपारी बाराच्या आत आटोपलं पाहिजे, त्यानंतर ते जेवत नाहीत, म्हणजे स्वयंपाक साडेदहा-अकरापर्यंत तयार हवा, हे नवीन घरात नेहमी चुकतं.

भन्ते नसले तरी काही अडत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात भन्ते चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिसरण-पंचशील दिलं आणि मग समोरच्या लाखो लोकांना दीक्षा स्वतः बाबासाहेबांनी दिली, एका गृहस्थाने. म्हणूनच आज नामकरण, लग्न, पुण्यानुमोदन हे सगळं प्रशिक्षण घेतलेले बौद्धाचार्य करतात, ते दिवसा नोकरी करणारे आपल्यासारखेच लोक असतात. दीक्षेच्या वेळी २२ प्रतिज्ञाही दिल्या होत्या, त्या विहाराच्या भिंतीवर लिहिलेल्या असतात. दुसऱ्या समाजातून आलेल्याला कोणी लगेच दीक्षा घे म्हणणार नाही, आधी या, बसा, वाचा, प्रश्न विचारा, आणि त्या बावीसच्या बावीस मान्य झाल्या, घरात त्याचे जे परिणाम होतील त्याची तयारी झाली की मगच घ्या.

वर्षावास धरा

नवीन माणसाने सुरुवात कधी करावी असं विचारलं तर मी आषाढ पौर्णिमा म्हणतो. सारनाथला पहिला उपदेश झाला तो हाच दिवस, आणि इथून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने वर्षावास. पूर्वी भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहायचे, आपल्याकडे या तीन महिन्यांत गावोगावच्या विहारात रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये हा ग्रंथ मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. एकट्याने घेऊन बसलं की बरेच जण पहिल्या खंडातच थांबतात, विहारात रोज चार-पाच पानं होतात आणि आठही खंड पार पडतात.

वाचताना प्रास्ताविक सोडू नका, बाबासाहेबांनी तिथेच चार प्रश्न मांडलेत, सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली म्हणजे घर का सोडलं, चार आर्यसत्यं मूळ उपदेशातली आहेत का, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्माचं काय, आणि भिक्खू कशासाठी. पुढे पहिल्याच खंडात पहिल्याचं उत्तर मिळतं. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून राजपुत्र निघाला ही गोष्ट आपण शाळेत शिकलो, इथे मात्र शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होतं, शाक्यांच्या संघात म्हणजे सभेत युद्धाचा ठराव येतो, सिद्धार्थ विरोध करतो आणि त्याची किंमत म्हणून घर सोडतो. पाण्यावरून गावागावात होणारी भांडणं पाहिलेल्या माणसाला हा प्रसंग ऐकताना वेगळंच वाटतं, आमच्याकडे त्या दिवशी चर्चा नेहमी लांबते.

मधल्या पौर्णिमांना आणि जमल्यास अष्टमीला उपोसथ करून बघा, त्या दिवशी अष्टशील म्हणजे आठ शीलं पाळायची असतात, दुपारनंतर जेवण नाही, दागिने-सेंट नाही, गाणीबजावणी नाही, झोपायला साधी चटई. डायबेटीस असेल तर उपाशी राहू नका. अश्विन पौर्णिमेला समारोप होतो आणि पुढच्या महिन्यात भिक्खूंना कठिन चीवरदान म्हणजे वस्त्रांचं दान होतं.

आमच्या भागात राहणाऱ्यांनी २५ डिसेंबरला देहूरोडला जरूर या. १९५४ मध्ये याच तारखेला बाबासाहेबांनी स्वतः तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणजे दीक्षेच्या जवळपास दोन वर्षं आधी. त्याच वाटेवर पुढे कार्ला-भाजे लेणी आहेत, सकाळी लवकर गेलात तर चैत्यगृहात शांतपणे बसता येतं, भाज्याला त्रिरत्नचं साधना केंद्रही आहे.

पैसे, कमिटी, आणि तुमचा वाटा

दानपेटीत जमेल तेवढं टाका, वर्गणीची पावती मागायला संकोच करू नका, चांगली कमिटी हिशेब बोर्डवर लावते. गटबाजी बऱ्याच ठिकाणी असते, नवीन माणसाला दोन्ही बाजू आपल्याकडे ओढतात, तेव्हा मी रविवारच्या वंदनेला येणार आणि वाचनाला बसणार एवढंच दोघांना सांगा. मुलांना सोबत आणा, ती मागे धावली, आवाज केला तर कोणी ओरडत नाही, आणि त्यांना गाथा आपल्यापेक्षा लवकर पाठ होतात.

दोन-तीन महिन्यांनी एखादं काम मागून घ्या, झाडलोट, वाचनालयाची पुस्तकं, दहावीच्या पोरांना गणित, काहीही. आणि वर्षावासात वाचनाची पाळी तुमच्यावर आली तर नाही म्हणू नका. आदल्या रात्री ती चार पानं मोठ्याने एकदा वाचून घ्या, अडणारी नावं पेन्सिलने अधोरेखित करा, विहारात माईकपासून वीतभर अंतर ठेवून सावकाश वाचा, कारण समोर बसलेल्यांपैकी काहींना अक्षर ओळख नाही, ते धम्म फक्त ऐकूनच शिकतात. परिच्छेद संपला की थांबा, वर बघा, कोणाला काही विचारायचंय का ते विचारा. उत्तर येत नसेल तर प्रश्न वहीत लिहून ठेवा, पौर्णिमेला भन्ते आले की त्यांना विचारू.